माळवदावरची चांदणी

माझी नागम्मा मावशी इतकी भित्री आहे, की तिच्या धीराबद्दल मी काही लिहितेय हे कळलं तर ती मलाच वेड्यात काढेल. ती पालीला भिते, विजेला भिते, बँकेच्या दारातल्या शिपायाला भिते. उसाचा ट्रॅक्टर लांबून दिसला तरी रस्ता सोडून शेतात उतरते. फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवते, मग उचलते. मी नांदेडला शाळेत शिकवते. अधूनमधून तिला फोन करते, तर तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"कोण गेलं गं, सलोमी?"

"कुणी गेलं नाही मावशी. सहज केला."

"मंग सहज कामून करायलीस? जीव गेला की माझा!"

निलंग्याहून कर्नाटकाच्या हद्दीकडं जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो. फाट्याला पाटी नाही, शेड नाही, दिवाही नाही. तिथं रस्त्याला लागून जे माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं घर आहे, ते मावशीचं. गाव आत आहे, अर्ध्या हाकेवर. तिचं माहेर बीदरकडचं, आजोबा-पणजोबांपासून ख्रिस्ती. लग्न होऊन इथं आली ती गुंडप्पाकाकांच्या घरात, आणि या गावात ख्रिस्ती घर हे एवढं एकच. काका गवंडी होते. मावशी गावच्या शाळेत खिचडी शिजवते. आज ज्यांना मिसरूड फुटलंय, त्या गावातल्या सगळ्या पोरांनी तिच्या हातची खिचडी खाल्ली आहे.

तिला प्रार्थना म्हणून लांबलचक काही येत नाही. चर्चमध्ये बाकीच्या बाया हात जोडून सुंदर सुंदर बोलतात, ही डोळे मिटून गप्प. पण भीती वाटली की तिच्या तोंडून एकच वाक्य निघतं: "हायस न्हवं?" आणि भीती तर तिला दिवसभर वाटते. विहिरीवर वाकताना हायस न्हवं, एसटीत चढताना हायस न्हवं, गॅस पेटवताना हायस न्हवं. मी तिला चिडवायची, की मावशी, आम्ही वर्गात घेतो तशी तू देवाची हजेरी घेतेस. एखाद्या दिवशी तो कंटाळून गैरहजर राहील.

थोरला मुलगा तापात गेला, तेव्हा तिनं ते विचारलं होतं. काका बांधकामाच्या परांचीवरून पडले आणि कंबरेखालून लुळे होऊन अंथरुणाला खिळले, तेव्हा ती रोज त्यांची कूस बदलताना तेच विचारायची. ते गेले त्या दिवशीही, मातीची मूठ टाकताना. मी जवळच उभी होते. माझा तर त्या दिवशी देवावर रागच होता. नंतर मी तिला जरा तिरकसच विचारलं, "मावशी, इतकी वर्षं विचारतेस. उत्तर देतो का कधी?"

"न्हाई बाई," ती म्हणाली. "पण इचारलं की पाय उचलतो."

काकांनी घराला दोन रीती लावून दिल्या होत्या. एक म्हणजे रविवारी दुपारी घरी प्रार्थना, आणि प्रार्थनेच्या वेळी दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी. "चोरून कशाला? कुणाला बघायचं तर बघंल, बसायचं तर बसंल," ते म्हणायचे. दुसरी रीत चांदणीची. डिसेंबर लागला की वेळूच्या कामट्या तासायच्या, खळ शिजवायची, पतंगाचा लाल कागद डकवायचा, आत बल्ब सोडायचा, आणि उंच वेळूला बांधून ती माळवदावर उभी करायची. नाताळची चांदणी. काकांनंतर मावशी ती स्वतः बनवू लागली, वर चढवायला जावई यायचा, कारण शिडीलाही ती भितेच.

ही चांदणी नुसती त्यांच्या घरची राहिली नव्हती. त्या रस्त्यावर डिसेंबरात सहा वाजताच अंधार पडतो, उसाच्या गाड्यांची धूळ, समोरचं काही दिसत नाही. लोक कंडक्टरला सांगायचे, "चांदणीपशी थांबवा." ड्रायव्हरही चांदणी बघून ब्रेक दाबायचे. मावशीची मुलगी सुवार्ता लातूरला नर्स आहे; आईला ती अव्वा म्हणते. नाताळला घरी येताना तीही बसमध्ये असंच सांगून डुलक्या काढत यायची.

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी गावातल्या काही बाया येऊन बसल्या होत्या, प्रार्थना चालू असताना दारात मोटारसायकली येऊन थांबल्या. पाच-सहा पोरं उतरली. बहुतेक बाहेरची, पण दोघं गावातलीच. कवाडं उघडीच होती. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि मोबाइल धरून एकेका बाईचा चेहरा टिपू लागली. तुझं नाव काय, तू कुणाची, इथं काय देतात तुला? उदगीरहून येणाऱ्या पास्टरांना अंगणात नेऊन बरंच काही विचारलं. कुणाला हात लावला नाही. जाताना त्यातला एक माळवदाकडं बोट करून म्हणाला, "औंदा ती चांदणी वर दिसली तर बघा मंग."

बघा म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मावशी मला फोनवर म्हणाली. "म्हंजी तेवढंच भ्या वाटलं असतं. आता समदंच वाटायलंय."

पुढच्या रविवारी बाया आल्या नाहीत. लक्ष्मम्मा, जी मावशीच्या पाठीला पाठ लावून वीस वर्षं बसत आली, तिनं कंबर धरल्याचा निरोप पाठवला. पास्टरांनी फोनवर प्रार्थना केली आणि समजुतीनं सांगितलं, की या वर्षी चांदणी घरातच लावा, देव अंतःकरण बघतो. मीही तेच सांगितलं. खरं सांगायचं तर मी दरडावलंच, "शहाणपणा करू नकोस. एकटी बाई आहेस तू." मावशी हो म्हणाली. दाराला आतून कडी घालून एकटीच रविवारी बसू लागली. चांदणीचा वेळू शेषेरावला तुरीच्या राशीवर ताडपत्री ताणायला देऊन टाकला. शेषेराव तिचा शेजारचा शेतकरी.

तरी डिसेंबर लागल्यावर तिनं चांदणी बनवलीच. कामट्या तासल्या, खळ शिजवली, कागद डकवला, आणि तयार चांदणी बाजेखाली सरकवून वर गोधडी टाकली. "मग बनवलीस कशाला?" मी विचारलं. "हाताला ऱ्हावंना," ती म्हणाली.

सुवार्ताला सातवा महिना लागला होता. नाताळ आणि बाळंतपण दोन्ही माहेरी करायचं म्हणून ती लातूरहून दुपारच्या बसनं निघाली. जावई मागून येणार होता. नोव्हेंबरातलं काहीच आम्ही तिला सांगितलं नव्हतं. पोटुशी बाई, तिच्या जिवाला घोर नको म्हणून. आम्हा लोकांची ही जुनीच खोड आहे, वाईट बातमी काळजीपोटी लपवायची आणि मग त्या लपवण्यातून दुसरी वाईट बातमी तयार करायची.

अंधार पडल्यावर माझा फोन वाजला.

"सलोमी, बस थांबली न्हाई गं."

"म्हणजे?"

"म्या दारात हुबी व्हते. बस आली, धूळ उडवत गेली बी. थांबलीच न्हाई. आत सुवा व्हती ना गं? तिचा फोन लागंना."

मी सुवार्ताचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. आणि मग काय झालं असेल ते मला नांदेडच्या माझ्या खोलीत बसून लख्ख दिसलं. ती कंडक्टरला म्हणाली असणार, चांदणी दिसली की थांबवा. आणि डोळे मिटले असणार.

"मावशी, तिला चांदणी दिसली नाही," मी म्हणाले.

मावशीच्या तोंडून अगदी बारीक आवाजात, "देवा" एवढंच.

फाट्याच्या पुढं वस्ती नाही. उसाचं रान, कालवा, आणि कालव्यावरचं वळण. तिथं पुढं कुठंतरी तिला जाग आली असणार, तिनं बस थांबवली असणार, आणि आता त्या रस्त्यावरून ती पोट सांभाळत परत चालत येत असणार. येत असेल तर. कालव्यापाशी दोन वाटा फुटतात आणि एक सरळ उसात शिरते. दिवसासुद्धा माणूस तिथं चुकतं.

"शेषेरावला हाक मार."

"त्यो उदगीरला माल घिऊन गेलाय."

"मग गावात कुणाला तरी—"

"कुणाला मारू गं? कोण कसं हाय आता, मला कळंना झालंय."

त्या पोरांनी तिच्या घरातलं काही नेलं नव्हतं, पण हे नेलं होतं. तीस वर्षं ज्या गावाला तिनं वाढलं, त्या गावात हाक मारायला तिला एक नाव सुचेना.

"ती तिथंच हायत," ती कुजबुजली. "पुलाच्या कठड्यावर. गाड्या लावून बसल्यात."

पूल म्हणजे फाट्यासमोरची मोरी. तिच्या दारातून सरळ दिसते. मी म्हणाले, "मावशी, तू घरातच थांब. कडी लाव. मी पास्टरांना फोन करते, जावयाला करते, पोलिसांना करते." मी भराभर बोलत होते आणि यातलं कुणीही तासाभराच्या आत तिथं पोचणार नाही हे मला कळत होतं.

फोनमधून बाज सरकवल्याचा आवाज आला.

"मावशी? काय करतेस?"

तिनं फोन बंद केला नाही. तो पोलक्यात खोवला असावा, कारण पुढचं सगळं मला तिच्या छातीच्या धडधडीतून ऐकू येत होतं. कागदाची सळसळ. वायर ओढल्याचा आवाज. मग शिडीचं लाकूड कुरकुरलं.

"हायस न्हवं?" पहिली पायरी.

"हायस न्हवं?" दुसरी.

मी ओरडत होते, "मावशी, उतर! खाली उतर!" ती ऐकत नव्हती, किंवा ऐकू जात नव्हतं. घरात दहा वर्षं ती शिडी उभी आहे आणि मावशीनं तिचा चौथा दांडा कधी पाहिलेला नाही. मी मोजायचंही विसरले. नुसतं ते वाक्य आणि शिडीची कुरकुर, वाक्य आणि कुरकुर. मग पायाखाली माती खरवडली. ती माळवदावर पोचली होती.

तिथं वेळू नव्हता. चांदणी बांधायला दोरीही नव्हती. बाजेखाली झाकून ठेवलेली ती चांदणी पेटवून, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, साठीची ती बाई माळवदाच्या काठावर उभी राहिली. अख्ख्या रस्त्याला दिसेल अशी.

मोरीवरच्या गाड्या सुरू झाल्याचं मला ऐकू आलं. आवाज जवळ आला. गाड्या थांबल्या. कुणीतरी खालून म्हणालं, "ए मावशी, काय चाललंय? सांगितलं व्हतं ना? उतर खाली."

फोनमधून मला तिच्या दातांची कडकड ऐकू आली. थंडीची नव्हे. मला वाटलं आता ही उतरणार. उतरली असती तरी मी तिला काही म्हणाले नसते, शप्पथ.

"न्हाई उतरत," मावशी म्हणाली. आवाज फाटला होता, रडका होता, अजिबात धीराचा नव्हता. "माझी लेक रस्त्यावर हाय. पोटुशी हाय. चांदणी दिसल्याबिगर तिला घर घावायचं न्हाई. तिला येऊ द्या, मंग काय करायचं ते करा मला."

खाली कुणी हसलं नाही, कुणी शिवी दिली नाही. कुणीतरी काहीतरी हळू बोललं, मला शब्द कळले नाहीत. मग एक गाडी सुरू झाली आणि गेली. कालव्याच्या दिशेनं गेली.

तो आवाज लांब जाताना मी जे काही ऐकलं ते मला अजून झोपेत ऐकू येतं. ती गाडी सुवार्ता जिथं होती तिकडंच चालली होती. माणसं बोलवायला, की तिला गाठायला, की आणखी कशाला, काही कळायला मार्ग नव्हता. मावशीलाही तेच कळलं. ती आता विचारत नव्हती, नुसती पुटपुटत होती, श्वासागणिक: हायस न्हवं, हायस न्हवं, हायस न्हवं. मी फोन कानाला गच्च लावून जमिनीवर बसले. मीही तेच म्हणत होते हे मला नंतर कळलं. मी, जी तिला हजेरी म्हणून चिडवत होते.

किती वेळ गेला माहीत नाही. तिचे हात भरून आले असणार, कारण कागद सारखा थरथरत होता. एक ट्रॅक्टर गेला. तिनं त्यालाही भ्यायचं सोडून दिलं होतं. मग तिनं पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं, जवळजवळ भांडल्यासारखं.

"हायस न्हवं रं?"

आणि खालून, लांबून, धापा टाकत आवाज आला.

"हाय अव्वा. हाय मी. अगं, वर काय करायलीस?"

मी फोन बाजूला ठेवून रडले. मग पुन्हा उचलला, तर आता तो सुवार्ताच्या हातात होता आणि ती वैतागली होती. "सलोमीताई, अव्वा उतरंना. म्हणते, मी हात सोडला तर चांदणी पडंल." शेवटी तिनं खालून जुनं लुगडं फेकलं, मावशीनं ते फाडून चांदणी माळवदाच्या कठड्याला बांधली, आणि बसत-सरकत खाली आली.

सुवार्तानं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. बसमध्ये तिला झोप लागलेली, फोन बंद पडलेला, आणि उतरून परत येताना कालव्यापाशी तिला वाट कळेना. उसाच्या वाटेला ती लागलीसुद्धा होती, तेव्हा मागं वळून बघितलं तर लांबवर लाल ठिपका दिसला. ती परत फिरली. मग समोरून एक मोटारसायकल आली. तिच्यापाशी येऊन वळली आणि हळूहळू तिच्या मागं चालू लागली. गाडीचा उजेड तिच्या पायांपुढं पडत होता. गाडीवाला एक शब्द बोलला नाही. ती भीतीनं अर्धमेली झाली, पण त्या उजेडातच चालली, दुसरा उजेड नव्हता म्हणून. मोरीपाशी आल्यावर गाडी निघून गेली. कोण होता, तिनं वळून पाहिलं नाही. मावशीनंही कधी चौकशी केली नाही.

आता यावर कुणी म्हणेल, चला, गोड झालं. तसं काही नाही. त्याच आठवड्यात कुणीतरी चांदणीवर दगड मारला आणि एक पाकळी फाटली. दगड मारणारा आणि गाडीवाला एकच होता का, देव जाणे. मावशीनं लाल कागद संपला म्हणून हिरवा डकवला. शेषेराव वेळू परत घेऊन आला आणि स्वतःच माळवदावर चढून बांधून गेला.

नाताळच्या आधीच्या रविवारी मी नांदेडहून गेले. उजेडात ते घर इतकं लहान वाटलं. मावशी चहा गाळत होती, बशीत चहा सांडत होता. सुवार्ता बाजेवर पाय वर घेऊन बसली होती. लक्ष्मम्मा कंबरेला हात लावून आली आणि मावशीच्या पाठीला पाठ लावून, नेहमीच्या जागी बसली. आणखी कुणी आलं नाही. पास्टर वाटेत होते.

"मावशी," मी हळूच विचारलं, "आता भीती गेली ना?"

"कुठली गं," ती म्हणाली. "लई वाटायलीय. हे बघ." आणि तिनं माझा हात तिच्या छातीवर ठेवला. खरंच, आत नुसतं धाडधाड चाललं होतं.

दाराचं एक कवाड तिनं उघडं ठेवलं होतं. दुसरं लोटलेलं होतं, आणि त्याची खालची कडी घातलेली होती. आम्ही बसलो. तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकलींचा आवाज आला. एक नव्हे, दोन-तीन. लक्ष्मम्मानं पदर तोंडावर घेतला. सुवार्ता माझ्याकडं बघू लागली. आवाज फाट्यापाशी मंद झाला.

मावशीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण मला माहीत आहे. मग ती उठली, कडी काढली आणि दुसरं कवाडही उघडलं.